नकाराचा भोपळा, होकाराची कॉफी

मागणी घालण्याच्या देशोदेशीच्या रीतींविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या वेळी देत आहोत. ‘अमुक जमातीत म्हणे असं करतात’ या थाटाच्या गमतीजमती गाळल्या आहेत. जिथे कुणाला प्रत्यक्ष जायचंय, बसायचंय, काही हाताने करायचंय, तिथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या घरी ‘पत्रिका जुळत नाही’ याचा अर्थ ‘स्थळ पसंत नाही’ असाच असायचा. इतर देशांतही असे आडवळणाचे नकार असतात का? (सातारा)

असतात, आणि कधी कधी होकारापेक्षा नकाराचाच थाट मोठा असतो. कारण साधं आहे. होकार कसाही दिला तरी गोड लागतो. नकारानंतर मात्र दोन्ही घरांना त्याच गावात, त्याच बाजारात तोंड दाखवायचं असतं.

युक्रेनच्या खेड्यांतली जुनी रीत पाहा. मुलाच्या वतीने दोन वयस्क मध्यस्थ अंधार पडल्यावर मुलीच्या घरी जात. हातात काठी आणि एक पाव. मागणी घालायला आलोय असं म्हणायचंच नाही. ‘आम्ही शिकारी, एका मार्टेनचा माग काढत इथवर आलो, ती तुमच्या घरात तर शिरली नाही ना?’ अशी सुरुवात. (मार्टेन म्हणजे मुंगसाच्या चणीचा, मऊ लोकरीचा प्राणी.) मुलगी तेवढा वेळ चुलीच्या भट्टीशी उभी राहून भिंतीचा लिंपलेला चुना-माती नखाने खरवडत असे. हे लाजणं ठरलेलं होतं आणि ते होकाराकडे झुकलेलं मानत. होकार असेल तर तिने स्वतः भरतकाम केलेली लांब कापडं, ‘रुशनिक’, ती मध्यस्थांच्या खांद्यावरून आडवी बांधायची आणि पावाची अदलाबदल व्हायची. नकार असेल तर आणलेला पाव परत, किंवा सरळ हातात एक भोपळा. रात्री जाण्याचं कारण हेच, की भोपळा काखेत मारून परतताना गावाने पाहू नये. युक्रेनियन भाषेत ‘भोपळा देणं’ म्हणजे आजही मागणी नाकारणं.

स्पॅनिश लोकही ‘भोपळे देणं’ म्हणतात, आणि गंमत अशी की त्यांच्याकडे तोच शब्दप्रयोग परीक्षेत नापास करण्यासाठीही चालतो. आपल्या शाळेतल्या भोपळ्याला इतका लांबचा नातेवाईक असेल असं वाटलं नव्हतं.

जपानी ‘मिआई’त, म्हणजे मध्यस्थाने घडवलेल्या भेटीत, नकार मुलगा-मुलगी एकमेकांना देतच नाहीत. तो मध्यस्थ पोचवतो, तोही ‘गोएन नव्हतं’ या शब्दांत. मराठीत याचं भाषांतर करायलाच नको, आपण ‘योग नव्हता’ म्हणतो तेच हे. सोबत फोटो आणि माहितीचा कागद परत करतात. उत्तर लांबवणं तिथे नकारापेक्षा वाईट समजतात.

आपल्या पत्रिकेच्या सबबीत एक भोक आहे. समोरची मंडळी दुसऱ्या ज्योतिषाकडून ‘छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण’ लिहून आणतात आणि मग पंचाईत होते. भोपळ्याला असं अपील नाही.

प्रश्न : मुलगा जर्मनीत असतो. तिथल्या तुर्की मुलीशी त्याने लग्न ठरवलंय. आम्हाला तिच्या आईवडिलांकडे इझमिरला ‘मुलगी मागायला’ बोलावलंय. काय न्यायचं, काय बोलायचं? आणि मिठाची कॉफी हा काय प्रकार आहे? (पुणे)

या बैठकीला ‘कझ इस्तेमे’ म्हणतात. अर्थ तोच, मुलगी मागणं. आपला कांदेपोह्यांचा कार्यक्रम आणि साखरपुडा यांच्या मधली ही पायरी समजा. इथे मुलगी ‘दाखवत’ नाहीत. मुलांचं ठरलेलं असतं. मोठ्यांनी ते तोंडाने मागायचं आणि तोंडाने द्यायचं, एवढंच उरलेलं असतं.

न्यायच्या दोनच गोष्टी चुकवू नका : फुलांचा मोठा गुच्छ आणि चॉकलेटं. चॉकलेटं खोक्यात नेत नाहीत. चांदीच्या किंवा काचेच्या तबकात मांडून, सजवून नेतात आणि तबक त्यांच्याकडेच राहतं. मिठाईवाल्यांकडे अशी तबकं तयार मिळतात, त्यामुळे इथून ओझं वाहू नका. वर काजूकतलीचा डबा नेलात तर आनंदच होईल, पण तो चॉकलेटांच्या जागी नको. दारात चपला काढायच्या. घरात घालायच्या सपाता ते देतील, त्या घाला. मुलाने घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाताचं चुंबन घेऊन तो हात आपल्या कपाळाला लावायचा. आपल्या वाकून नमस्काराच्या जागी हे आहे आणि मुलाने सहज केलं तर अर्धं काम तिथेच होतं.

आधी इकडच्या तिकडच्या गप्पा होतात. मग मुलगी कॉफी करून आणते आणि कॉफी पिताना किंवा पिऊन झाल्यावर मुलाकडचा सर्वांत वडील माणूस विषय काढतो. ठरलेलं वाक्य ‘अल्लाच्या आज्ञेने आणि पैगंबरांच्या वचनाने तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागतो’ असं आहे. तुम्ही ते म्हणावं अशी सक्ती नाही. ‘तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागायला आलो आहोत’ एवढं पुरे. मात्र कोण बोलणार, कोणत्या भाषेत, आणि भाषांतर कोण करणार, हे मुलाने त्या घराशी आधी बोलून ठेवावं. ऐन वेळी तीन काका एकदम बोलू लागले की बैठकीची रया जाते. मुलीचे वडील बहुधा ‘मुलांनी ठरवलंय, आम्ही काय बोलणार’ अशा अर्थाचं काही म्हणतात. तो होकार असतो, टोमणा नव्हे.

आता कॉफी. मुलाच्या कपात मुलगी साखरेऐवजी मीठ घालते आणि त्याने चेहरा न वाकडा करता ती प्यायची. पुढे काय काय गिळावं लागेल त्याची ही रंगीत तालीम, असं तिथलेच लोक हसत सांगतात. तुर्की कॉफीचा कप लहान, साधारण ६५ ते ७० मिलिलिटरचा. एका कपाला पिठासारखी बारीक दळलेली कॉफी दोन छोटे चमचे, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम. थंड पाणी, कॉफी आणि साखर लांब दांड्याच्या भांड्यात एकदमच घालून ढवळतात आणि मंद आचेवर ठेवतात. साखर नंतर घालत नाहीत, म्हणूनच कुणाला किती गोड हवी ते आधी विचारतात. आच लागल्यावर ढवळायचं नाही. फेस वर चढू लागला की चमच्याने तो प्रत्येक कपात थोडा थोडा वाटतात, भांडं पुन्हा आचेवर धरतात आणि उकळी फुटण्याच्या बेतात कपात ओततात. मोठ्या आचेवर घाई केली तर फेस मोडतो, आणि मुलीकडच्या बायका पहिल्यांदा फेसच बघतात.

तुमच्या मुलाला तीन सूचना. एक, कप आला की मिनिटभर थांबायचं, म्हणजे साका खाली बसतो. दोन, चमच्याने ढवळायचं नाही. आपली माणसं सवयीने ढवळतात आणि मग मिठासकट चोथा तोंडात येतो. तीन, शेवटचा घोट कपातच ठेवायचा. सोबत पाण्याचा पेला असतो, तो नंतरसाठी राखून ठेवावा. रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य असेल तर मुलीला आधी सांगून टाकावं. ती चिमूटभर घालेल आणि नाटक दोघं मिळून करतील.

होकारानंतर त्याच बैठकीत बहुधा लाल फितीने एकमेकींना बांधलेल्या दोन अंगठ्या येतात. वडीलधारं माणूस दोघांच्या उजव्या हातात त्या घालतं आणि फीत कापतं. कात्री ‘चालत नाही’ अशी तक्रार झाली तर घाबरू नका, ती मुलाकडून पैसे काढायची थट्टा आहे. खिशात सुट्ट्या नोटा असू द्या. लग्नाच्या वेळी अंगठ्या डाव्या हातात जातात. हा नुसता शब्द झाला. मोठा साखरपुडा वेगळा, मेंदीची रात्र वेगळी, आणि कायद्याने लग्न म्हणाल तर तिथे फक्त नोंदणीचंच ग्राह्य धरतात. कागदपत्रांची चौकशी आताच सुरू करा.

प्रश्न : जपानमध्ये नोकरीला आहे. १४ फेब्रुवारीला ऑफिसमधल्या दोन सहकारी स्त्रियांनी टेबलावर चॉकलेट ठेवलं. मी गोंधळलो. (ओसाका)

गोंधळू नका. जपानमध्ये त्या दिवशी चॉकलेट बायका देतात, पुरुष नाही. ऑफिसात सगळ्यांच्या टेबलावर सारखंच छोटं पाकीट असेल तर ते ‘गिरी-चोको’, म्हणजे रीत म्हणून दिलेलं. मनापासूनचं ‘होनमेई’ वेगळं असतं. ते एकट्यालाच मिळतं, बहुधा हाताने केलेलं किंवा महागडं असतं, आणि चारचौघांत टेबलावर पडलेलं नसतं.

परतफेड १४ मार्चला, ‘व्हाइट डे’ला. हा दिवस मिठाई व्यावसायिकांच्या संघटनेने १९७८ मध्ये ठरवला आणि १९८० पासून साजरा होऊ लागला. त्यामागे प्राचीन परंपरा शोधू नका. ‘तिप्पट परत करावं’ असं गंमतीने म्हणतात, पण रीतीच्या चॉकलेटाला तेवढ्याच किंवा थोड्या जास्त किमतीची, एकेक वेष्टनात असलेली बिस्किटं पुरेत. दोघींना सारखंच द्या आणि गाजावाजा न करता द्या. एकीला डबा आणि दुसरीला पाकीट दिलंत तर तुम्ही नकळत काहीतरी जाहीर केलेलं असेल. मार्शमॅलो म्हणजे नावड, बिस्किट म्हणजे मैत्री, साखरेची गोळी म्हणजे प्रेम, असेही अर्थ हल्ली लावतात. दुकानदारांच्या या भाषेवर फार विश्वास ठेवू नये, पण मार्शमॅलो टाळायला काही खर्च नाही. कित्येक ऑफिसांनी ही देवघेवच बंद केली आहे, तेव्हा तुमच्याकडचा शिरस्ता एखाद्या जुन्या सहकाऱ्याला विचारून घ्या.

प्रश्न : वेल्समधल्या ‘प्रेमाच्या चमच्या’बद्दल वाचलं. लाकूडकामाची आवड आहे. घरी करता येईल का? त्याच्या दांड्यातल्या पिंजऱ्यात मोकळा फिरणारा गोळा जोडून बसवतात की कोरतात? (नाशिक)

कोरतात, आणि त्यातच सगळी गंमत आहे. अख्खा चमचा एकाच लाकडातून निघतो. वेल्समधली तरुण मुलं हिवाळ्याच्या लांब रात्री चाकूने असे चमचे कोरत आणि आवडलेल्या मुलीला देत. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात १६६७ साल कोरलेला चमचा आहे. मुलीने चमचा ठेवून घेतला म्हणजे ओळख वाढवायला हरकत नाही, एवढाच अर्थ. लग्न ठरलं असं नव्हे. साखळी म्हणजे साथ, किल्ली म्हणजे घर, चाक म्हणजे कष्ट करीन, गोळे म्हणजे होणारी मुलं, हे अर्थ आज दुकानात छापील मिळतात. जुन्या कोरणाऱ्यांच्या मनात तेच होते याचा भरवसा नाही. आपला हात किती बसलाय आणि आपल्याला धीर किती आहे, हे मुलीच्या बापाला दिसावं, हा हेतू मात्र प्रत्येक चमच्यात उघड दिसतो. (आपल्याकडे चमचा हा शब्द भलत्याच कामाला लागला, त्याला इलाज नाही.)

तिकडे सिकॅमोर वापरतात, कारण ते बारीक पोताचं असतं आणि खाण्याला वास देत नाही. आपल्याकडे शिवण किंवा हेदू घ्या. साग नको, तो धार लवकर घालवतो. तुकडा २२ सेंटिमीटर लांब, ६ रुंद, २.५ जाड. रेषा लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. आडव्या रेषांचा दांडा हातातच मोडतो.

आधी वाटी कोरा. तिला जोर लागतो, आणि दांड्याची जाळी आधी केली तर त्याच जोराने ती फुटते. गोल पटाशीने मध्यापासून कडेकडे, रेषेला आडवं कापत जा. भिंत ३ ते ४ मिलिमीटर ठेवा. मग पिंजरा. दांड्यातला ६ सेंटिमीटर लांबीचा भाग २५ मिलिमीटरचा चौकोनी करून घ्या. चारही कोपऱ्यांत ५ मिलिमीटर जाडीचे खांब आखा. म्हणजे दोन खांबांमधली फट १५ मिलिमीटर राहते. समोरासमोरच्या खांबांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं तिरकं अंतर मात्र जवळजवळ २१ भरतं. गोळा १८ मिलिमीटरचा करायचा. तो फटीतून बाहेर पडू शकत नाही आणि आत मोकळा फिरतो. सगळा हिशेब या तीन आकड्यांत आहे.

चारही बाजूंनी फटीतून लाकूड काढत आत जा. मधला ठोकळा दोन्ही टोकांना जोडलेला राहू द्या. तो जोडलेला असतानाच चारही बाजूंनी गोल करा, आणि खांबांच्या मागचं लाकूड बारीक टोकाच्या चाकूने थोडं थोडं कापत शेवटी त्याला मोकळा करा. मोकळा झालेला गोळा घरंगळतो, धरता येत नाही आणि मग त्याला आकार देताना चाकू खांबाला लागतो. नवशिक्यांचे पिंजरे बहुधा इथेच मोडतात. दुसरी चूक म्हणजे गोळा ‘अजून थोडा गुळगुळीत’ करण्याच्या नादात तो १५ च्या खाली जातो आणि टपकन बाहेर पडतो. थोडा ओबडधोबड राहिला तरी चालेल. संग्रहालयातलेही तसेच आहेत.

ओलसर लाकूड कोरायला सोपं, पण काम अर्धवट राहिलं तर वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत ठेवा. पंख्याखाली वाटीला चीर जाते. शेवटी जवसाच्या तेलाचा हात, आठवड्याने दुसरा. आणि या चमच्याने आमटी वाढू नका.

प्रश्न : भगोरियात मुलाने गुलाल लावला आणि मुलीने उलट लावला की लग्न झालं म्हणे. आमच्या सातपुड्यातल्या भोंगऱ्या बाजारात असं काही दिसत नाही. खरं काय? (शहादा)

तुम्हाला दिसतं तेच खरं. भगोरिया म्हणा की भोंगऱ्या, तो होळीच्या आधीच्या आठवड्यातला बाजार. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी, खरगोन या पट्ट्यात आणि आपल्याकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात ज्या गावाचा जो बाजारवार, त्या दिवशी तो भरतो. होळीसाठी लागणारा गूळ, डाळ्या, खजूर, कपडे घ्यायचे, ढोल-मांदळ वाजवायचे, गुजरातेत मजुरीला गेलेल्यांनी परत येऊन नातलगांना भेटायचं, हे त्याचं काम. तरुण मुलं-मुली तिथे एकमेकांना बघतात, आणि त्यातून जोड्या जमतातही. पण ते कोणत्याही जत्रेत होतं.

‘भगोरिया म्हणजे पळून जाणं’ ही फोड हिंदीतल्या भागण्यावरून कुणीतरी केली आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी ती उचलली. झाबुआजवळच्या भगोर गावावरून नाव पडलं असंही सांगतात. भिल्ल समाजातली जाणती माणसं या ‘प्रेमाच्या बाजारा’च्या वर्णनावर वर्षानुवर्षं आक्षेप घेत आली आहेत, आणि ते रास्त आहे. पळून गेलेल्या जोडप्याचं लग्न गुलालाने होत नाही. दोन्हीकडचे पंच बसतात, मुलाकडून मुलीच्या बापाला द्यायचं देज ठरतं, ते चुकतं केलं की समाज लग्न मानतो. बाजार पाहायला जाणाऱ्यांनी अनोळखी मुलींना गुलाल लावायला जाऊ नये. न विचारता कॅमेराही रोखू नये.

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेतला ‘लोबोला’ म्हणजे हेच देज का? (धुळे)

जवळचं आहे. मुलाकडून मुलीच्या घराला, तेही गायींच्या हिशेबात. झुलूंमध्ये सामान्य घरासाठी दहा गायी आणि मुलीच्या आईसाठी एक वेगळी, असा आकडा रूढ आहे. दहाची मर्यादा इंग्रज अधिकारी थिओफिलस शेपस्टोन याने नाताळ वसाहतीत १८६९ मध्ये घातली. आज गाय म्हणजे बहुतेकदा रक्कम, आणि एका गायीचे किती रँड धरायचे यावरच खरी घासाघीस होते.

आधी पत्र लिहून दिवस मागतात. बोलायला मुलाचे काका-मामा जातात. मुलगा बैठकीत बसत नाही. समोरचे लोक तोंड उघडण्याआधी ‘इवुलामलोमो’, म्हणजे तोंड उघडण्याचं देणं, समोर ठेवावं लागतं. उशीर झाला किंवा कुणी आगाऊ बोललं तर दंड लावतात. तो निमूट भरायचा असतो. एका बैठकीत सगळं कधीच मिटत नाही आणि हप्ते वर्षानुवर्षं चालतात. आपल्या हुंड्याशी याची गल्लत करू नका, पैसा उलट्या दिशेने जातो. पण कर्ज काढून लोबोला भरणारे तरुण तिथेही आहेत. १९९८ च्या कायद्याने अशा रूढीच्या लग्नाला मान्यता मिळाली, तो २००० च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आणि लग्न तीन महिन्यांत नोंदवावं असं त्यात आहे. नोंद राहून गेली तर लोबोलाच्या बैठकीत लिहिलेला कागद पुढे कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडतो. म्हणून तो दोन्हीकडच्या सह्यांनिशी करून घेतात आणि जपून ठेवतात.

प्रश्न : मुलग्यांनी नटायचं आणि मुलींनी निवडायचं, असं कुठे आहे का? (कोल्हापूर)

आहे. नायजरमधले वोडाबे गुरंपाळ पावसाळा सरता सरता ‘गेरेवोल’ला जमतात. पुरुष चेहऱ्याला लाल-पिवळी माती लावतात, नाकावरून उभी पट्टी ओढतात, डोक्यात शहामृगाचं पीस खोवतात आणि ओळीत उभे राहून तासन्‌तास नाचतात. डोळ्यांचं पांढरं आणि दातांची ओळ दिसावी म्हणून बुबुळं फिरवतात, ओठ थरथरवतात. उंची, दात, डोळे पाहून मुली निवड करतात. लहानपणी घरच्यांनी भावकीत ठरवलेलं लग्न वेगळं आणि इथे दुसऱ्या कुळातल्या पुरुषाशी जमलेलं वेगळं, आणि दोन्हींना त्यांच्याकडे स्वतंत्र नावं आहेत. न निवडल्या गेलेल्याने राग धरायचा नसतो. पुढच्या रात्री पुन्हा रंग लावून उभं राहायचं असतं.